मनसर ते नगरधन : हा रस्ता त्याच्या तलावांसकट जपावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की रविवारी सकाळी नागपूरकरांच्या गाड्या जबलपूर रस्त्याला लागतात. बहुतेकांचा बेत ठरलेला असतो : कामठी आणि कन्हान मागे टाकायचे, मनसरला उजवीकडे वळायचे, रामटेकच्या गडावर जाऊन दर्शन घ्यायचे, खिंडसीच्या पाण्यात नावेतून एक फेरी मारायची आणि दिवेलागणीच्या आत आल्या वाटेने घर गाठायचे. या बेतात गैर काही नाही. आमच्याही घरी पाहुणे आले की हाच बेत ठरतो. परंतु रामटेकपासून अवघ्या सहा-सात किलोमीटरवर असलेले नगरधन त्यात क्वचितच असते, आणि वाटेत लागणारे तलाव तर गाडीच्या काचेतून दिसून मागे पडतात. मनसर, रामटेक, खिंडसी आणि नगरधन हा डोंगर, पाणी आणि दीड हजार वर्षांचा इतिहास यांनी बांधलेला एकच सलग पट्टा आहे. त्याचा रस्ता, त्याचे तलाव आणि त्याच्या मातीखालचे अवशेष यांची निगा एकत्रितपणे राखली जावी, आणि रुंदीकरणाच्या भरात या रस्त्याचे ग्रामीण रूप हरवू नये, हे सांगण्यासाठी आपल्या वृत्तपत्राचा आधार घेत आहे.

मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे या वाटेने जाताना माझे पहिले लक्ष जमिनीकडे जाते. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागात, बेसाल्टचा खडक आणि त्यावरची काळी माती आहे. तिथे कापूस आणि संत्री पिकतात. शहर ओलांडून ईशान्येला निघाले की खडक बदलतो. रामटेक आणि मनसरच्या टेकड्या बेसाल्टहून कितीतरी प्राचीन अशा रूपांतरित खडकांच्या आहेत. भूशास्त्रज्ञ ज्यांना सौसर गटाचे खडक म्हणतात ते हेच, आणि मनसर व कांद्री येथील मँगनीजच्या खाणी याच खडकांत आहेत. असा कठीण खडक पाणी पोटात फारसे घेत नाही. पाऊस मात्र इकडे पश्चिमेपेक्षा अधिक पडतो, आणि पीक आहे धानाचे. लोंबीत दाणा भरू लागतो नेमक्या त्या दिवसांत पाऊस निघून गेलेला असतो आणि बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, पाणी हवे असते. डोंगराच्या उतारावरून धावत येणारे पाणी पायथ्याशी मातीची पाळ घालून अडवायचे आणि ते खालच्या बांध्यांना वेळेवर द्यायचे, हा उपाय या भूगोलानेच इथल्या माणसांना सुचवला. म्हणून मनसरचे वळण घेतल्यापासून झाडीची टेकडी, तिच्या पायाशी पाणी आणि पाण्याच्या खालच्या अंगाला हिरव्या बांध्या असे जे दृश्य पुन्हा पुन्हा समोर येते, ते जितके देखणे आहे तितकेच विचारपूर्वक घडवलेलेही आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग यांत मिळून, असे हजारो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. त्यांतले पुष्कळसे गोंड राजांच्या आणि पुढे भोसल्यांच्या काळात बांधले गेले, आणि त्या कामात कोहळी समाजातील जाणत्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून पाळ कुठे घालायची, जास्तीचे पाणी जाण्यासाठी सांडवा कोणत्या अंगाला सोडायचा, पाणी बाहेर काढणारे तुडूम किती खोलीवर बसवायचे, याचे ज्ञान त्यांच्या हातात होते. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, असेपर्यंत पाळीवर माती टाकणे, सांडवा मोकळा ठेवणे, कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचे ते ठरवणे ही सारी कामे गावातच उरकत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे आले आणि ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आजच्या बोलीतले मामा तलाव झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते, याबद्दल माझ्या मनात किंचितही शंका नाही. परंतु तिच्याबरोबर तलावाची रोजची राखणही गेली, आणि तिची जागा घेईल अशी व्यवस्था गावपातळीवर पुरेशी उभी राहिली नाही. आज अनेक तलावांच्या काठावर बेशरमची झुडपे माजली आहेत, गाळ साचून पाण्याची खोली घटली आहे, आणि तुडुमातून झिरपणारे पाणी भर उन्हाळ्यापर्यंत वाया जात राहते.

आता या विशिष्ट वाटेकडे वळतो. मनसरला टेकडी आणि तलाव एकमेकांना लागून आहेत, आणि तिथली हिडिंबा टेकडी म्हणून ओळखली जाणारी टेकडी मुळात विटांच्या भव्य बांधकामाची आहे, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उत्खननाने दाखवून दिले. तिथे ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे असलेल्या मुद्रा मिळाल्या, आणि त्यामुळे विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचा पाचव्या शतकातला राजा दुसरा प्रवरसेन याने वसवलेली प्रवरपूर ही राजधानी मनसरलाच होती, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. त्यापूर्वी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे सुचवले होते. या टेकड्यांचा संबंध बौद्ध आचार्य नागार्जुनाशी जोडणारी परंपराही आहे. मनसरला मिळालेली शिवाची अप्रतिम मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती ज्या मातीतून निघाली त्या मातीपासून काही अंतरावरून आपण दर रविवारी भरधाव जातो.

रामटेकला गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. त्याच्या काठाने दगडी घाट आणि देवळे आहेत, आणि तिथून पायऱ्यांची जुनी वाट गडावर चढते. गाडी थेट गडावर जाऊ लागल्यापासून या पायऱ्यांनी जाणारे कमी झाले, ही माझ्या दृष्टीने मोठी हानी आहे, कारण रामटेक कसे रचलेले आहे ते या वाटेनेच कळते : आधी पाणी, मग चढण, मग वाकाटकांची देवळे आणि अखेरीस रघुजी भोसल्यांच्या काळात उभे राहिलेले गडमंदिर. अंबाळ्याच्या काठी आजही दिवंगतांचे विधी होतात. रामटेकच्या परिसरात बारी समाजाचे पानमळे आहेत, आणि रामटेकच्या पानाचे नाव विड्याची आवड असलेल्या जुन्या नागपूरकरांना सांगावे लागत नाही. तलावांच्या पाण्यात ढिवर बांधव शिंगाडा लावतात आणि मासेमारी करतात. पाण्यावर अवलंबून असलेल्या या साऱ्या माणसांची उपजीविका कायम राहील असाच तलावांचा विचार व्हायला हवा; सुशोभीकरण म्हणजे काठाला सिमेंटचा कठडा आणि रंगीत दिवे, एवढाच अर्थ घेतला तर त्यांना तिथून दूर व्हावे लागेल.

गडावरच्या केवल नरसिंह मंदिरात पाचव्या शतकातला एक शिलालेख आहे. तो पुष्कळ झिजलेला आहे, तरी अभ्यासकांनी त्याचे जेवढे वाचन केले आहे त्यात एका गावी सुदर्शन नावाचे तडाग बांधल्याचा आणि त्याच नावाचा देव स्थापल्याचा उल्लेख येतो. याच गडावरच्या लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्र याच्या काळातला लेख आहे, आणि त्यात रामटेकभोवतीच्या अनेक तीर्थांची नावे आहेत. पाचव्या शतकातला दाता आणि तेराव्या शतकातला लेखक, दोघांनाही या डोंगराबद्दल लिहिताना त्याच्या पाण्याबद्दल लिहावेसे वाटले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रामटेक हाच कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी, हे मिराशींनी साधार मांडले आणि ते आपल्या परिचयाचे आहे. पण इथल्या तलावांची कथा शिलालेखांत कोरलेली आहे, हे रामटेकला नेमाने जाणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. गडावरच्या कोणत्याही फलकावर ही माहिती यात्रेकरूला सहज वाचता येईल अशी माझ्या पाहण्यात आली नाही.

डोंगराच्या पलीकडे खिंडसी आहे. सूर नदीला बांध घालून इंग्रजी अमदानीत हा जलाशय तयार झाला, आणि त्याच्या पाण्यावर रामटेक व मौदा भागातले धान पोसले जाते. तीन बाजूंना वनाच्छादित टेकड्या आणि मध्ये पसरलेले पाणी, असा देखावा नागपूरच्या इतक्या जवळ दुसरीकडे नाही, हे मी अतिशयोक्ती न करता म्हणतो. हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बदके उत्तरेकडून येतात. अडई बदके आणि कमळपक्षी बारमाही असतात. नौकाविहाराचा आनंद कोणी घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या आवाजातले ध्वनिवर्धक, काठावर टाकलेल्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले, आणि पाण्याच्या कडेपर्यंत आणलेली वाहने यांनी त्या जागेचे रूप ओळखू येईनासे होते. सायंकाळी परतणाऱ्या वाहनांचा लोंढा गावांच्या वस्तीतून जातो आणि शाळकरी मुलांना व गुरांना रस्ता ओलांडणे कठीण होते, हेही मी पाहिले आहे.

नगरधनबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण ते सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत येणारे नंदिवर्धन म्हणजे आजचे नगरधन, असे अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. पतीच्या अकाली निधनानंतर तिने अल्पवयीन पुत्र दिवाकरसेन याच्या वतीने पाचव्या शतकाच्या आरंभी राज्यकारभार पाहिला, आणि तिचा जो ताम्रपट पुण्यात मिळाला तो नंदिवर्धनहूनच दिलेला आहे. तिचा दुसरा, रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या चरणांपाशी, म्हणजे रामटेकला, दिलेला आहे. एका स्त्रीने या गावातून विदर्भाचा कारभार चालवला, ही गोष्ट ताम्रपटांमुळे माहीत होतीच. पण २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला जे उत्खनन केले त्यात प्रभावतीगुप्तेचे नाव ब्राह्मी अक्षरांत आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा प्रत्यक्ष तिथल्या मातीतून मिळाली. घरांचे अवशेष, खापरे, दागिने आणि गणपतीची एक मूर्तीही मिळाली. ग्रंथांतून आणि ताम्रपटांतून वाचलेली राणी आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतशिवारात अशी समोर यावी, यापेक्षा मोठी बातमी नागपूरसाठी दुसरी कोणती असू शकते, ते मला सांगता येत नाही. तरीही माझ्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींत अजिंठ्याचे वाकाटक ठाऊक असलेले पुष्कळ आहेत आणि नगरधनचे वाकाटक ठाऊक असलेले विरळा.

गावाचा इतिहास वाकाटकांपाशी थांबत नाही. सहाव्या शतकातला स्वामिराजाचा ताम्रपट नगरधनलाच मिळाला आणि तोही नंदिवर्धनहून दिलेला आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ. स. ९४० चा ताम्रपट वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला मिळाला, आणि त्यात नागपूर व नंदिवर्धन ही नावे एकत्र येतात. बख्त बुलंद शहाने १७०२ साली नागपूर शहर वसवले असे आपण म्हणतो आणि ते खरेच आहे, पण नागपूर हे नाव त्याआधी साडेसातशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेले आहे आणि ते सर्वप्रथम नंदिवर्धनच्या सोबतीने आढळते, हे आपल्या शहरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असावे. भोसल्यांच्या काळात इथे बुरुजांचा भुईकोट किल्ला उभा राहिला. त्याच्या आत पायऱ्यांनी जमिनीखाली उतरणारी विहीर आहे आणि तिच्यात देवीचे स्थान आहे. उन्हाळ्यातही तिथे गारवा असतो. किल्ल्याच्या तटावरून उत्तरेला रामटेकचा डोंगर दिसतो, आणि राजधानी, देवस्थान व जलाशय इतक्या अंतरात का वसवले गेले याचे उत्तर त्या एका जागी उभे राहिल्यावर मिळते.

म्हणून माझी पहिली विनंती रस्त्याविषयी आहे. जबलपूर महामार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा दुतर्फा असलेली जुनी झाडे गेली, आणि मनसर ते खवासा या टप्प्यात वन्यप्राण्यांसाठी महामार्गाखालून वाटा ठेवण्याचा निर्णय लोकांनी आणि वन्यजीव अभ्यासकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर झाला. महामार्गाला रुंदी लागते, हे मी मान्य करतो. पण रामटेक, खिंडसी आणि नगरधन यांना जोडणाऱ्या रस्त्यांना त्याच मापाने मोजू नये. तिथे वेग वाढवण्याची गरज नाही. खचलेल्या साइडपट्ट्या भराव्यात, पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी कडेच्या नाल्या मोकळ्या कराव्यात, वळणांवर दर्शक लावावेत, वस्तीजवळ वेग रोखणारी व्यवस्था करावी. पण चिंच, आंबा, कडुनिंब आणि मोहाची जुनी झाडे तोडू नयेत, आणि रस्त्याच्या भरावासाठी तलावाच्या पोटातली जागा घेऊ नये. पाळीवरून किंवा पाळीलगत जाणारा रस्ता रुंद करताना पाळीवरचा भार वाढतो आणि सांडव्याकडे जाणारा प्रवाह अडतो. याचा परिणाम पहिल्या मोठ्या पावसात खालच्या बांध्यांवर होतो, हे अभियंत्यांना मी सांगायला नको. फाल्गुनात याच वाटेवर पळस फुलतो तेव्हा जाऊन पाहावे, अशी मी निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाला मनापासून विनंती करतो. आराखडा कार्यालयात करायचा असला तरी एकदा ती वाट सावकाश चालून यावे.

दुसरी विनंती माहितीविषयी आहे. मनसरच्या वळणावर रामटेककडे जाणारी पाटी आहे, पण नगरधनकडे कसे जायचे आणि तिथे काय आहे, हे नवख्याला कळेल अशा पाट्या मला वाटेत पुरेशा दिसल्या नाहीत. नगरधनला उत्खननात काय मिळाले ते सोप्या मराठीत, चित्रांसह सांगणारे फलक किल्ल्याच्या बाहेर आणि गावात लावावेत. प्रभावतीगुप्तेच्या मुद्रेची प्रतिकृती गावात, आणि दुसरी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, ठळक जागी ठेवावी. मजकूर लिहिण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही : रामटेकलाच १९९७ पासून कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, आणि नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्वाचा विभाग आहे. दोन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी वाटाड्यांचे काम देता येईल. त्याहून चांगले म्हणजे नगरधनच्याच मुलामुलींना त्यांनी तयार करावे. जिच्या गावातून प्रभावतीगुप्तेने राज्य केले त्या गावातल्या मुलीने तिची हकिकत पाहुण्यांना सांगावी, ही माझी उत्कट इच्छा आहे. उत्खननाच्या जागांवर खणती होणार नाही, विटा कोणी उचलून नेणार नाही, याकडेही गावाचे लक्ष तेव्हाच राहील जेव्हा त्या जागेमुळे गावाला मान आणि चार पैसे मिळतील.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत निकडीची गोष्ट तलावांची. पाणथळ जागांविषयीचे २०१७ चे केंद्रीय नियम सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना लागू होत नाहीत. त्यामुळे खिंडसी असो वा गावोगावचे मामा तलाव, त्यांना त्या नियमांचे कवच नाही आणि त्यांची राखण स्थानिक पातळीवरच व्हायला हवी. गाळ काढणे, बेशरम मुळासकट उपटणे आणि तुडूम दुरुस्त करणे ही कामे उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेले असतानाच होऊ शकतात. त्यासाठीची मंजुरी मृगाच्या तोंडावर मिळाली तर तिचा उपयोग नाही. काढलेला गाळ शेतकऱ्यांना आपापल्या शेतात नेऊ द्यावा, म्हणजे तलाव खोल होईल आणि शेताला कस मिळेल. तलावाचा तळ मात्र एकसारखा उकरू नये. काठाचा उथळ भाग तसाच राहू द्यावा, कारण पाणपक्षी तिथेच चरतात आणि शिंगाडा तिथेच येतो. मासेमारी संस्थांना आणि शिंगाडा लावणाऱ्यांना विश्वासात घेतल्याशिवाय कोणत्याही तलावाचे सुशोभीकरण हाती घेऊ नये. तलावाकाठी जमिनी घेऊन उंच कुंपणे घालण्याची जी पद्धत शहराजवळ रूढ झाली आहे ती इथवर पोहोचू नये, यासाठी ग्रामपंचायतींनी आताच ठराव करावेत, अशी माझी सूचना आहे. गुरांची पाण्याची वाट आणि रस्त्यावरून दिसणारे पाणी, दोन्ही गावाच्या सामाईक मालकीचे आहे.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांचाही या वाटेवर तितकाच हक्क आहे. इतवारीहून रामटेकला रेल्वेगाडी जाते, आणि कन्हानपासून वेगळी होणारी ती छोटी वाट शेतांमधून जाते. ती गाडी रामटेकला पोहोचल्यावर एसटीची एक बस अंबाळा, खिंडसी आणि नगरधन अशी फेरी करून सायंकाळच्या गाडीच्या वेळी परत स्थानकावर येईल, अशी सोय हिवाळ्यातल्या रविवारी तरी करता येण्याजोगी आहे. शाळांच्या सहलींना तिचा मोठा उपयोग होईल. मोटारीने जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की, आल्या रस्त्याने परतू नका. नगरधन पाहून दक्षिणेला मौद्याच्या दिशेने निघा आणि भंडारा रस्त्याने नागपूर गाठा. धानाच्या बांध्या, गावाबाहेरच्या बोड्या, खळ्यावरची मळणी असा सारा पूर्व विदर्भ त्या वाटेवर भेटतो. वाटेतल्या गावांत बचत गटांच्या भगिनी जेवण करून देऊ शकतील अशी जागा पंचायतींनी दिली, तर पाहुण्यांना घरचे जेवण मिळेल आणि काठावरच्या पत्रावळींचा प्रश्नही पुष्कळसा सुटेल.

कार्तिकात वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा आणि त्रिपुरी पौर्णिमेचा उत्सव यांसाठी रामटेकला मोठी गर्दी लोटते. त्या दिवसांत वाहने पायथ्यालाच थांबवून अंबाळ्याच्या पायऱ्यांची वाट दिवे लावून आणि पिण्याच्या पाण्याची सोय करून यात्रेकरूंसाठी सज्ज केली, तर गडावरची कोंडी कमी होईल आणि ती वाट पुन्हा वापरात येईल. वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी वाहनांची सोय अर्थातच ठेवावी लागेल.

शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्या वृत्तपत्राच्या वार्ताहरांनी येत्या उन्हाळ्यात मनसर, रामटेक, खिंडसी आणि नगरधन परिसरातल्या तलावांची पाहणी करावी, कोणत्या तलावाचे तुडूम गळते, कोणता सांडवा बुजला आहे, कुठे पाळ खचली आहे याची गावनिहाय नोंद मे महिन्यातच छापावी, आणि त्या पाहणीत ज्यांनी आयुष्यभर त्या पाण्यावर शेती किंवा मासेमारी केली आहे अशा वडीलधाऱ्यांची साक्ष घ्यावी. नोंद वेळेवर छापून आली तर पावसापूर्वी निदान काही तलावांची कामे होतील. नगरधनच्या उत्खननावर सचित्र पुरवणी काढता आली तर ती शाळांपर्यंत पोहोचवण्याचे काम आम्ही काही निवृत्त शिक्षक आनंदाने करू.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
नागपूर